आईचं मृत्युपत्र आहे, कुलमुखत्यारपत्र आहे. मग आयसीयूच्या दारात कोणाचा शब्द चालणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७४ वर्षांच्या, वडील हयात नाहीत. मधुमेह जुना, हृदय अशक्त, मूत्रपिंडं हळूहळू कामातून चाललेली. डायलिसिसचा विषय डॉक्टरांनी एकदा काढून ठेवलेला. तीन भावंडं, त्यांतला थोरला परदेशात. आई सारख्या म्हणतात, "मला नळ्यांत अडकवू नका, चालती-बोलती असतानाच जाऊ द्या." त्यांचं मृत्युपत्र नोंदवलेलं आहे, धाकट्या मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्रही आहे. वेळ आली तर एवढ्यावर भागेल का? की लिव्हिंग विल (आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवलेला कागद) वेगळं करावं लागतं, आणि ते दवाखान्यात पाळतात तरी का?

भागणार नाही. तुमच्याकडचे दोन्ही कागद आपापल्या जागी चांगले आहेत, पण ज्या वेळेसाठी तुम्ही ते कपाटात सांभाळून ठेवले आहेत त्या वेळी दोन्ही गप्प असतील. मृत्युपत्र आई गेल्यानंतर बोलायला लागतं. कुलमुखत्यारपत्र आईंना स्वतःचं भलंबुरं कळतं आहे तोवरच बोलतं. मधला काळ, म्हणजे माणूस जिवंत आहे पण स्वतःचं म्हणणं सांगू शकत नाही असा, या दोन्हींच्या हद्दीबाहेर राहतो. मी वकिलीत मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं आणि असेच घरगुती कागद करते. माझ्याकडे घाबरून येणारी बहुतेक कुटुंबं नेमकी याच मधल्या काळात येतात आणि तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

कुलमुखत्यारपत्राबद्दलचा गैरसमज सुशिक्षित घरांतही घट्ट बसलेला आहे, म्हणून आधी तो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिचं मन विचार करण्याच्या स्थितीत राहिलं नाही, की तिनं दिलेलं मुखत्यारपत्र संपतं. काही देशांत बेशुद्धीतही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे ती सोय नाही. परदेशातला भाऊ तिथला नमुना पाठवून "हे करून घ्या" म्हणेल, तेव्हा हे आठवा. आई कोमात गेल्या तर धाकटीच्या हातातला कागद बँकेत चालणार नाही आणि ऑपरेशनच्या संमतीसाठीही त्याचा आधार घेता येणार नाही. अशा वेळी घरच्यांना पालक म्हणून नेमणूक मागायला राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावं लागतं. न्यायालयं अशी नेमणूक करतात, पण वैद्यकीय अहवाल, नातेवाइकांची ना हरकत, वकील, तारखा हे सगळं आयसीयूचं बिल चढत असताना करावं लागतं. आईंच्या एखाद्या खात्यावर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशी नोंद करून धाकटीचं नाव आत्ताच जोडा. नॉमिनी लावलेला असला तरी तो मृत्यूनंतर उपयोगाचा, आजारपणात नाही. पैशांचा विषय माझ्यापुरता इथे संपला.

आता उपचारांकडे. आई शुद्धीत आहेत आणि समजून-उमजून बोलत आहेत तोवर कोणत्याही कागदाची गरज नाही. 'नको' म्हणायचा हक्क त्यांचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हे फार स्वच्छ सांगितलं. रुग्ण भुलेखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया उरकली होती. न्यायालय म्हणालं की सज्ञान रुग्ण थोड्या वेळात शुद्धीवर येऊन स्वतः सांगू शकणार आहे, जिवावरची घाई नाही, मग दुसऱ्या कोणाची सही चालत नाही, आईचीसुद्धा नाही. उलट बाजूनं तोच नियम तुम्हाला लागू होतो. तुमच्या आईंना डायलिसिस नको असेल तर ते त्यांनी डॉक्टरांना सांगायचं आणि डॉक्टरांनी केसपेपरवर लिहायचं. तुम्ही मुलांनी बाहेर उभं राहून ठरवायचं नाही. आपल्याकडे याला परंपराही आहे. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला आजारपणात अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. ते स्वतः नकार देण्याच्या स्थितीत होते. पक्षाघाताच्या झटक्यात पडलेला माणूस त्या स्थितीत नसतो, आणि लिव्हिंग विल त्याच्यासाठी आहे.

हा कागद आपल्या कायद्यात आला कसा, हे थोडं माहीत असावं, कारण दवाखान्यात वाद झाला की कोणीतरी "भारतात इच्छामरणाला बंदी आहे" म्हणतंच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांच्यासाठी पत्रकार-लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं जीवरक्षक उपचार थांबवायला तत्त्वतः वाट मोकळी केली, पण अरुणाताईंच्या बाबतीत नकार दिला. कारण त्यांच्या वतीनं बोलायचा अधिकार याचिकाकर्तीचा नाही, इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा, असं न्यायालयानं मानलं, आणि केईएमच्या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. त्या निकालात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा धागा: अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळा वाद त्यांच्या वतीनं कोणी बोलायचं यावर येऊन थांबला.

त्याचं उत्तर ९ मार्च २०१८ ला मिळालं. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्येच, म्हणजे जगण्याच्या हक्कातच, आहे असं सांगितलं आणि माणसानं आपली इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली. पण पद्धत इतकी अवघड घालून दिली की कागद करणारा सापडेना. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही, वीस वर्षांचा अनुभव असलेले डॉक्टर, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं मंडळ. शेवटी २४ जानेवारी २०२३ ला दुसऱ्या घटनापीठानं ती पद्धत सोपी केली. आज चालतं ते हे दुरुस्त रूप. इंटरनेटवर अजून २०१८ चे नमुने फिरतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची रिकामी जागा दिसली की तो नमुना बाजूला ठेवा. आणि एक गोष्ट मनात पक्की असू द्या: इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे. इथे प्रश्न फक्त शरीराला मशीननं ओढत नेणारे उपचार सुरू न करण्याचा किंवा सुरू असले तर थांबवण्याचा आहे. सुरू न करणं आणि थांबवणं यांत कायदा फरक करत नाही. दवाखान्यांतली माणसं मात्र मनात करतात, आणि "एकदा लावलेला व्हेंटिलेटर काढता येत नाही" असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच.

करायचं कसं? औपचारिकता सोपी आहे. आई सज्ञान, शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली नाहीत. लेखी कागद, दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. साक्षीदार शक्यतो स्वतंत्र असावेत असं न्यायालयानं म्हटलं आहे. मी त्याचा अर्थ कडक घेते: मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार ते नकोत, जावई-सुना नकोत, ज्यांना प्रतिनिधी नेमणार तेही नकोत. शेजारी, आईंची जुनी मैत्रीण, फॅमिली डॉक्टर हे चांगले साक्षीदार. न्यायालयाच्या अटींत स्टॅम्प पेपरचा उल्लेख नाही, नोटरी मागेल तर त्याचं समाधान करा, वाद घालत बसू नका. साक्षीदारांनी आणि नोटरीनं 'ही सही स्वखुशीनं, पूर्ण समजून केली' असा शेरा लिहायचा असतो. नोटरी बऱ्याचदा नुसता शिक्का मारून मोकळा होतो, म्हणून तो शेरा मसुद्यातच टाइप करून न्या. आईंना लिहिता येत असेल तर एक-दोन ओळी स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगा. कायदा ते मागत नाही. पण तीन वर्षांनी थोरला भाऊ "हे तुम्ही तिच्याकडून करून घेतलंत" म्हणाला, तर आईंचं अक्षर त्याला ओळखू येईल.

खरं काम मजकुराचं आहे, आणि तिथेच बहुतेक कागद पोकळ निघतात. "मला कृत्रिमरीत्या जगवू नये" एवढंच लिहिलेलं वाचून आयसीयूतल्या डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. सलाईन कृत्रिम आहे, प्रतिजैविक कृत्रिम आहे, पेसमेकरही. न्यायालयानंही सांगून ठेवलं आहे की भाषा नेमकी हवी. कागद संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळ त्यावर अंमल करणार नाही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करून लिहा: कोणत्या अवस्थेत, आणि कोणता उपचार. तुमच्या आईंसाठी मी साधारण असं लिहीन:

"मला बरा न होणारा आजार शेवटच्या टप्प्यात असेल, किंवा मेंदूला अशी इजा झाली असेल की मी पुन्हा माणसं ओळखून बोलण्याच्या स्थितीत येण्याची वाजवी आशा माझ्या डॉक्टरांना उरली नसेल, आणि मी स्वतः निर्णय सांगू शकत नसेन, तर पुढील उपचार सुरू करू नयेत, सुरू असल्यास थांबवावेत: व्हेंटिलेटर, हृदय थांबल्यावर छातीवर दाब किंवा विजेचा धक्का, डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी इंजेक्शनं. नाकातून किंवा पोटात नळी घालून अन्न देऊ नये. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारे सर्व उपचार मला अखेरपर्यंत मिळावेत. या निर्णयाचे परिणाम मला समजले आहेत. हा कागद मी केव्हाही रद्द करू शकते हे मला माहीत आहे."

यातलं नळीच्या अन्नाचं वाक्य मुद्दाम स्वतंत्र ठेवलं आहे. अन्न बंद करणं म्हणजे उपाशी मारणं, ही भावना आपल्या घरांत फार खोल आहे आणि डॉक्टरांतही यावर एकमत नसतं. आईंना नळी चालणार असेल तर तसं लिहा, नको असेल तर तसं. काहीच न लिहिणं हा तिसरा पर्याय वाईट, कारण मग तो निर्णय धाकटीच्या गळ्यात पडतो आणि जन्मभर तिला सलतो. वेदनाशमनाचं वाक्यही कधी गाळू नका. ते वाचलं की नातेवाइकांना कळतं की उपचार सोडलेले नाहीत, त्यांची दिशा बदलली आहे. तुमच्या गावाजवळ पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी, सेवा असेल तर आत्ताच ओळख करून घ्या.

आणखी एक वाक्य मी बहुतेक मसुद्यांत घालते, ते मुदतीच्या प्रयत्नाचं. वयस्क रुग्ण न्यूमोनियानं धापा टाकत येतो तेव्हा तो चार दिवसांत सावरेल की नाही हे पहिल्या तासाला कोणालाच सांगता येत नाही. तिथे "व्हेंटिलेटर नकोच" हा आग्रह आईंच्याच विरुद्ध जाऊ शकतो. म्हणून: "सुधारण्याची शक्यता स्पष्ट नसेल तर डॉक्टर आणि माझे प्रतिनिधी मिळून ठरवतील तेवढे दिवस प्रयत्न करावा, त्या मुदतीत सुधारणा दिसली नाही तर वर लिहिल्याप्रमाणे थांबवावं." याच कारणानं आईंच्या मनातली दुसरी भीतीही निघून जाईल. सही केली की डॉक्टर बघणारच नाहीत, असं पुष्कळ वृद्धांना वाटतं. हा कागद बऱ्या होणाऱ्या आजारात लागूच होत नाही. लघवीचा संसर्ग झाला, मांडीचं हाड मोडलं, साखर उतरून चक्कर आली, तर नेहमीसारखे पूर्ण उपचार होणार.

प्रतिनिधी कोण, यावर घरात सगळ्यात जास्त वेळ घालवा. आई बोलू शकणार नाहीत तेव्हा त्यांच्या वतीनं उपचार नाकारायला किंवा थांबवायला संमती देणाऱ्या माणसांची नावं या कागदात असलीच पाहिजेत, आणि २०२३ पासून एकाहून अधिक नावं देता येतात. आपल्याकडे सवयीनं थोरल्या मुलाचं नाव पहिलं येतं. मला ते पटत नाही. जो जवळ राहतो, फोन उचलतो, डॉक्टरांचं बोलणं शांतपणे ऐकू शकतो आणि मावशी-काकांनी फैलावर घेतलं तरी डगमगत नाही, तो प्रतिनिधी. कोणाची माया जास्त हा निकष नाही. फार माया असलेल्या माणसाला "थांबवा" हा शब्द उच्चारताच येत नाही. तुमच्या वर्णनावरून धाकटी पहिली, मधला भाऊ दुसरा, असा क्रम मला योग्य दिसतो. दोघांनी एकमतानं ठरवायचं, का पहिली उपलब्ध नसेल तरच दुसऱ्यानं, हेही लिहून टाका. 'दोघांनी मिळून' असं लिहिलं तर एक विमानात असताना काम अडतं.

परदेशातल्या थोरल्याला वगळू नका, पण अधिकाराच्या जागी न बसवता माहितीच्या जागी बसवा. आयसीयूत मी पुन्हा पुन्हा पाहते ते असं: जवळची मुलं महिनोन् महिने आजार पाहून मनानं तयार झालेली असतात, आणि तिसऱ्या दिवशी विमानातून उतरलेला मुलगा "तुम्ही काहीच कसं केलं नाही?" म्हणत सगळं पुन्हा सुरू करायला लावतो. त्याचं चुकतं असंही नाही, त्यानं आईला शेवटचं पाहिलं तेव्हा ती स्वयंपाक करत होती. म्हणून सहीच्या आधी व्हिडिओ कॉल लावा आणि आईंना स्वतःच्या तोंडानं त्याला सांगू द्या. तुम्ही त्यांच्या वतीनं बोलू नका. हे बोलणं टाळणारी घरं पुष्कळ आहेत, "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून विषय बदलला जातो, आणि गंमत म्हणजे टाळणारी बहुतेक मुलंच असतात. म्हातारी माणसं या विषयावर मोकळी असतात. त्यांचं फक्त कोणीतरी बसून ऐकावं लागतं.

सही झाली की प्रती वाटायच्या. एक फॅमिली डॉक्टरांना, एक एक तिन्ही भावंडांना, एक आईंच्या नेहमीच्या रुग्णालयातल्या फाईलमध्ये. आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, म्हणजे महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे. त्या संस्थेनं एक सक्षम अधिकारी या कागदांचा अभिरक्षक, म्हणजे ते सांभाळणारा, म्हणून नेमायचा असतो. डिजिटल आरोग्य नोंदीतही तो समाविष्ट करता येतो. अभिरक्षकांच्या नेमणुका बराच काळ कागदावरच होत्या. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका लावून धरली, त्यानंतर महाराष्ट्रात त्या झाल्या. गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचंच लिव्हिंग विल करून दाखवलं. घरात कोणी "असले अभद्र कागद कोण करतं" म्हणालं तर सांगायला उपयोगी. तुमच्या कार्यालयात खिडकीवरचा माणूस "असलं काही इथे होत नाही" म्हणण्याची शक्यता आहेच. वाद न घालता कागद आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. अभिरक्षकाकडे पोचला नाही म्हणून दवाखान्यानं तो फेकून द्यावा असं नसतं, पण कागद खरा आहे की नाही याची खातरजमा डॉक्टरांनी करायची असते आणि ती पोच तिथे कामाला येते.

दवाखान्यात पुढे काय होतं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. प्रतिनिधीनं कागद दाखवायचा. डॉक्टर तो तपासतात. बरं होण्याची आशा नाही असं त्यांचं मत झालं की रुग्णालय प्राथमिक मंडळ नेमतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. ते 'थांबवावं' म्हणाले तर दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नामनिर्देशित केलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो ४८ तास. दोन्ही मंडळांचं जमलं आणि प्रतिनिधीची संमती मिळाली की अंमल करण्याआधी रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. ते फक्त कळवणं आहे, परवानगी मागणं नाही. रुग्णालयांचे कायदा विभाग इथे गोंधळतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. दुय्यम मंडळानं नकार दिला तर प्रतिनिधी, डॉक्टर किंवा रुग्णालय उच्च न्यायालयात जाऊ शकतं.

पाळतात का? मोठ्या रुग्णालयांत, जिथे अतिदक्षता विभागाचे डॉक्टर या विषयात मुरलेले आहेत, तिथे हल्ली नीट होतं. लहान ठिकाणी दुय्यम मंडळाचा डॉक्टर कुठून आणायचा यावरच दिवस जातात, आणि कंटाळलेली घरं 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज' घेऊन रुग्णाला घरी नेतात. म्हणजे जो निर्णय डॉक्टर आणि कुटुंब मिळून घेत असतात, त्याची जबाबदारी कागदोपत्री एकट्या कुटुंबावर, आणि रुग्ण वेदनाशमनाशिवाय घरी. मला ही पळवाट अजिबात आवडत नाही. आईंचं नेहमीचं रुग्णालय निवडताना एक साधा प्रश्न विचारा: "तुमच्याकडे दुय्यम मंडळासाठी नाव आलेलं आहे का?" उत्तर देताना ते किती चाचरतात त्यावरून बरंच कळतं. आणि हेही खरं की लिव्हिंग विल नसेल तर सगळ्या वाटा बंद होत नाहीत. जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं याच दोन मंडळांतून जाता येतं. फक्त मग आईंना काय हवं होतं यावर तिन्ही भावंडांचं एकमत व्हावं लागतं, आणि तेच अवघड.

काही कडेच्या गोष्टी. 'डीएनआर' म्हणतात ती हृदय थांबल्यावर छाती दाबायची नाही एवढ्यापुरती डॉक्टरांची नोंद असते; आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) २०२० मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती लिव्हिंग विलची जागा घेत नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ खालीही आगाऊ निर्देश लिहिता येतात, पण ते मानसिक आजाराच्या उपचारांपुरते. दोन्हींची सरमिसळ करू नका. आईंची स्मरणशक्ती ढिली पडते आहे अशी शंका असेल तर मात्र वेळ दवडू नका, सहीच्याच दिवशी डॉक्टरांचं 'निर्णय समजून घेण्यास सक्षम' असं प्रमाणपत्र घेऊन सोबत जोडा. नवा आजार निघाला तर कागद पुन्हा वाचा आणि बदल असेल तर नवा करा. दोन वैध कागद असतील तर शेवटचा सही केलेला चालतो. रद्द करायचा झाल्यास तेही लेखी, त्याच पद्धतीनं.

अवयवदानाची इच्छा असेल तर ती लिव्हिंग विलमध्ये एका वाक्यात नोंदवाच. कारण दोन इच्छांची टक्कर होते: मेंदूमृत्यूनंतर अवयव टिकवायला काही तास व्हेंटिलेटर लागतो आणि वर तुम्ही तो नको म्हटलेला असतो. "अवयवदानासाठी आवश्यक तेवढा वेळ व्हेंटिलेटर चालू ठेवायला माझी हरकत नाही," एवढं पुरतं. डोळे मात्र घरी मृत्यू झाला तरी देता येतात, साधारण सहा तासांच्या आत. दोन्हींत मृत्यूनंतर नातेवाइकांची संमती घेतली जाते, तेव्हा नुसतं कार्ड भरून ठेवलं आणि घरात सांगितलं नाही असं नको.

आणि शेवटी, आईंना घरीच जायचं असेल तर त्यासाठी लिव्हिंग विलचा उपयोग नाही हे समजून घ्या. त्याला दोन मंडळं लागतात, ती रुग्णवाहिकेत बसत नाहीत. तुम्ही १०८ ला फोन केलात की येणारी माणसं छाती दाबणारच, ते त्यांचं काम आहे. घरी ठेवायचं ठरलं तर कोणाला फोन करायचा हे आधी ठरवा आणि तो नंबर फ्रिजवर लावा: घरी येऊन मॉर्फिन किंवा ऑक्सिजन सांभाळणारे डॉक्टर, आणि मृत्यूनंतर येऊन कारणाचा दाखला लिहून देणारे डॉक्टर. घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४-अ मध्ये असतो. आजार माहीत असलेले, अलीकडच्या काळात आईंना तपासलेले डॉक्टर तो सहज देतात. रात्री दोनला कोणा अनोळखी डॉक्टरला बोलावलंत तर तो हात वर करतो आणि मग पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन सुरू होतं. तुमचे फॅमिली डॉक्टर घरी यायला तयार आहेत का, हे या आठवड्यात विचारून घ्या. नसतील तर असे डॉक्टर शोधायला वेळ लागतो, नोटरीपेक्षा कितीतरी जास्त.